पाच शिंगं, एक पट्टी

"तुज्या मामाचं शिंग पहिलं कामून वाजायलंय?"

बिरादारकाकांनी हा प्रश्न विचारला आणि देवळाच्या मंडपात बसलेली तीस-पस्तीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझ्यापुढे लॅपटॉप होता, शेजारी छोटा कीबोर्ड, मागे भजनी मंडळाकडून मागून आणलेला स्पीकर. खरं उत्तर सोपं होतं. पाच शिंगांमध्ये मामाच्या शिंगाचा सूर सगळ्यात खालचा, आणि आमचं सॉफ्टवेअर खालच्या सुरापासून वर जातं. मी तसं सांगितलं.

"खालचा हाय म्हनतीस, आन् मान पहिला देतीस. ह्ये कुठलं शास्तर?"

या धंद्यात मला बारा वर्षं झाली. सॉफ्टवेअर बंद पडलं, गाणं अडकलं, लॅपटॉप तापला, अशा तक्रारी पुष्कळ ऐकल्या. पण माझं कोड माझ्या मामाची बाजू घेतंय, अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती.

आधी माझं काम काय ते सांगते. सासूबाईंना ते सात वर्षांत समजलेलं नाही, तरी प्रयत्न करते. मी कलबुर्गीत राहते आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. हल्ली गाणी कॉम्प्युटरवरच रेकॉर्ड होतात, तिथंच त्यांची जुळवाजुळव होते. ज्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालतं, त्याला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन. आमचं प्लगिन कॉर्ड आणि आर्पेजिओचं आहे. तीन-चार सूर एकदम वाजले की कॉर्ड. तेच सूर एकामागून एक वाजले की आर्पेजिओ. ज्याला वाजवता येत नाही त्याने कीबोर्डची एक पट्टी दाबायची, पुढचं सगळं प्लगिन बघतं. सूर खालून वर जाणार की वरून खाली येणार, हेही निवडता येतं. त्या वर्षी हेच पर्याय वाढवायचं काम माझ्याकडे होतं. वापरणाऱ्याला आपल्या मनासारखा क्रम लावता यावा, एवढीच मागणी होती; याला आम्ही कस्टम ऑर्डर म्हणायचो. मला वाटलं होतं, महिनाभराचं निवांत काम आहे.

तेवढ्यात मामाचा फोन आला.

माझं आजोळ खजुरीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं. तिथल्या जत्रेत पालखी उचलायच्या आधी पाच घरांची पाच शिंगं वाजतात. शिंग म्हणजे पितळेचं मोठं वाकडं वाद्य, फुंकायला छातीत दम लागतो. क्रम ठरलेला: पाटील, बिरादार, मुळे, मेत्रे, जमादार. एकाचं वाजून संपल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नाही. दुसऱ्याचं शिंग मध्येच थांबवायचं नाही. आणि ज्या घराचं शिंग एखाद्या वर्षी वाजलं नाही, त्याचा मान गेला तो कायमचा गेला.

पूर्वी सहा घरं होती. सहाव्या घरचा माणूस एका वर्षी हैदराबादहून यायला निघाला आणि त्याची गाडी चुकली. त्या घराकडे आता जत्रेत चपला सांभाळायचं काम आहे. ते लोक चपला फार नीट सांभाळतात, आजवर एक जोड हरवलेला नाही. पण त्यांच्याकडे चपला देताना गावातली माणसं दुसरीकडे बघतात.

माझा मामा, बसप्पा मुळे, तिसऱ्या मानाचा. त्याचं हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मात शिंग फुंकायचं नाही, टाके तुटतील. शिंग त्याच घरच्या पुरुषाने फुंकायचं असतं, आणि मामाला दोन मुली, दोघी सासरी.

"वैशे," मामा फोनवर म्हणाला, "तू त्ये पट्टी दाबली की वाजतं त्ये करायलीस न्हवं?"

"व्हय मामा."

"मंग माजं शिंग त्यात घाल की."

"देवळाची कमिटी चालू दील का?"

"न्हाई घातलीस तर पुढल्या जत्रंत माज्यापाशी चप्पल देऊन जा."

असं म्हणून तो हसला. मी पण हसले. मग दोघांचंही हसणं संपलं तरी त्याने फोन ठेवला नाही. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी आळंदची बस धरली.

कमिटीचे अध्यक्ष मल्लिनाथअण्णा पाटील. पहिला मान त्यांच्याच घरचा. माणूस भला, शांत, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवणारा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मुळ्यांच्या शिंगाचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि मामाने पट्टी दाबून वाजवायचा, याला त्यांची हरकत नव्हती. हरकत दुसरीच होती.

"मुळ्याचं शिंग स्पीकरवर वाजनार," ते म्हणाले, "आन् पाटलाचं तोंडानं. मोठं कुनाचं वाजंल?"

"स्पीकरचं, अण्णा."

"मंग झालं की. तिसरा मान पहिल्याच्या वर गेला."

"आवाज कमी ठेवते."

"कमी किती? कोन मोजनार?"

तासभर खल झाला आणि ठरलं की पाचही शिंगं स्पीकरवरच वाजवायची. मामा सोडला तर बाकी चौघांचा दम अजून शाबूत होता, त्यांनाही मुकाट्याने शिंगं भिंतीला टांगून ठेवायला लागली. सगळ्यांचं रेकॉर्डिंग करून एकाच पट्टीवर बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "आयितु," अण्णा म्हणाले. म्हणजे झालं, ठरलं. हा शब्द पुढच्या दोन आठवड्यांत मी खूपदा ऐकला, आणि एकदाही काही ठरलेलं नव्हतं.

रेकॉर्डिंग देवळामागच्या खोलीत केलं. चौघांनी छाती भरून शिंगं फुंकली. दहा-बारा सेकंद आवाज यायचा, मग दम संपायचा आणि शिंग थांबायचं. मामाची पाळी आली तेव्हा मामी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तीन म्हनूस्तोवर फुका. वर गेलात तर शिंग हिरीत टाकीन."

मामाने तीन सेकंद फुंकलं. आवाज खोल आणि भरदार आला. पण तीन सेकंदांत कुठला मान होतो? म्हणून मी त्या आवाजाला लूप लावला. म्हणजे मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, जोड अशी बसवायची की ऐकणाऱ्याला कळू नये. दहा सेकंद झाले की प्लगिन तो आवाज बंद करणार, अशी व्यवस्था केली. मामाने तो ऐकला आणि मामीकडे बघितलं. "आयकलीस? दहा मोजलो," तो म्हणाला. मामीने त्याला घरी नेऊन झोपवलं.

पहिल्या बैठकीत मी थोडा आगाऊपणा केला. मला कॉर्ड दाखवायची हौस. म्हटलं, पाच घरं, पाच सूर, एकत्र वाजले तर गावाला बरं वाटेल. पट्टी दाबली. पाचही शिंगं एकदम वाजली. शिंगं काही एका सुरात लावलेली नसतात. मंडपावरची कबुतरं उडाली आणि बाहेर बांधलेल्या बैलाने दावं ओढलं.

"आळंदच्या स्टँडवर गाड्या अडकल्यागत वाजायलंय," बिरादारकाका म्हणाले. हे बिरादारकाका म्हणजे दुसरा मान. दुसरा मान फार अवघड असतो. पहिल्याला वर बघावं लागत नाही, तिसऱ्याला सवय झालेली असते. दुसऱ्याचं सगळीकडे लक्ष असतं.

"आवाजाचं असू द्या," मल्लिनाथअण्णा म्हणाले. "पन पाची एकदम वाजली तर पुढं कोन आन् मागं कोन?"

म्हणून मी कॉर्ड बंद करून आर्पेजिओ लावला, खालून वर. आणि मामाचं शिंग पहिलं वाजलं. त्यावर बिरादारकाकांनी तो प्रश्न विचारला.

मामा जागेवर उभा राहिला. "मी सांगितलो न्हाई तिला," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. म्हणून मी घाईघाईने पर्याय बदलून वरून खाली केला. आता जमादारांचं शिंग पहिलं आलं. जमादारआजोबांनी घाबरून दोन्ही हात जोडले. "मला नको बाई. मी पाचवा हाय, बरा हाय."

मी मंडपाबाहेर येऊन केदारला फोन लावला. केदार म्हणजे माझा बॉस, पुण्याचा.

"कस्टम ऑर्डरचं काम मी आधी करतेय," मी म्हटलं. "या आठवड्यातच लागतंय."

"का? कोण युजर आहे?"

"देवस्थान कमिटी."

"युज केस काय आहे?"

"पाच सूर आहेत. क्रम पिचवर लावायचा नाही. मानावर लावायचा."

"मान कशावर ठरतो? म्हणजे पॅरामीटर काय?"

"घर."

"कोणाचं घर?"

"तोच वाद आहे."

"बरं," तो म्हणाला. "ते ड्रॉपडाउनमध्ये बसेल?"

केदारचा हा गुण मला आवडतो. त्याला काहीही सांगा, तो ते ड्रॉपडाउनमध्ये, म्हणजे पर्यायांच्या यादीत, बसवायला बघतो. वर त्याला आनंद झाला. खरे युजर खऱ्या ठिकाणी आपलं नवीन फीचर वापरणार, त्याचा व्हिडिओ मिळणार. "रिलीजच्या वेळी लावू," तो म्हणाला. "नक्की शूट कर."

मामाच्या माळवदावरच्या खोलीत बसून मी क्रम लावायची सोय लिहिली. मामी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवायची आणि स्क्रीनकडे बघून विचारायची, "झालं का मामाचं?" मी म्हणायचे, होईल. मामा खोलीत येत नव्हता. दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. गल्लीतलं कोणी म्हणायला नको की मुळ्याने भाचीच्या कानात काही सांगितलं.

दुसऱ्या बैठकीत क्रम बरोबर लागला. पाटील, बिरादार, मुळे, मेत्रे, जमादार. माणसं माना हलवायला लागली. मी मनातल्या मनात रिलीजचं ईमेल लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात जमादारांचं शिंग संपलं आणि पाटलांचं पुन्हा सुरू झालं. आर्पेजिओ असाच असतो. शेवटचा सूर झाला की पहिला, असा तो गोल फिरतो.

"थांब," मल्लिनाथअण्णा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक. "जमादाराच्या मागं मी?"

"अण्णा, ती दुसरी फेरी आहे."

"दुसरी असंल न्हाईतर धावी. मागं त्ये मागंच."

एकच फेरी वाजावी अशी सोय केली. मग बिरादारकाकांनी चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ आले. आमच्या प्लगिनमध्ये सूर आडव्या रेघांसारखे दिसतात, वरचा सूर वर, खालचा खाली. काकांनी बोट ठेवलं. "ह्यात पाटील बिरादाराच्या खाली काढलीस."

हे त्यांनी स्वतःच्या फायद्याचं असूनही दाखवून दिलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. पण अण्णांनी ते बघितलं आणि मला चित्र बदलावं लागलं.

"सगळे सूर एकाच ओळीत?" केदार फोनवर ओरडला. "मग कुठला सूर वर, कुठला खाली, हे कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच."

"वैशाली, हे म्युझिक सॉफ्टवेअर आहे."

"मला माहीत आहे. त्यांनाही सांगून बघितलं."

खरं सांगायचं तर एव्हाना मी वैतागले होते. पाच आवाज, एक पट्टी, आणि मी दोन आठवडे चित्रातल्या रेघा सरळ करत बसले होते. माझ्या बरोबरीच्या मुली बंगलोरला सिनेमांची कामं करतात. पण मामा दारात येऊन परत जायचा, ते दिसलं की मी पुन्हा खाली मान घालून कोड लिहायला लागायचे.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकर चढवले आणि तालीम घेतली. पट्टी दाबली, पाचही शिंगं मानाने वाजली, एकच फेरी झाली, चित्रात सगळे एका ओळीत उभे. कुणालाही काही खोट काढता येईना. बिरादारकाकांनी दोनदा ऐकलं आणि ते चक्क खाली बसले.

"आयितु," मल्लिनाथअण्णा म्हणाले. "उद्या मी पट्टी दाबतो."

"तू कामून?" काका पुन्हा उभे राहिले.

"पहिला मान माजा हाय. आन् अध्यक्ष बी मीच हाय."

"एक पट्टी दाबली की पाच वाजतेत. मंग पाची घरचं तूच वाजवलास म्हनायचं का?"

दोन आठवड्यांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. मला तर मुळीच नाही. आमच्या प्लगिनची सगळी जाहिरातच अशी की एका बोटाने अख्खा वाद्यवृंद वाजवा.

मग उपाय निघायला लागले. पाचांनी एकाच पट्टीवर बोट ठेवायचं. पट्टी बोटभर रुंद, पाच बोटं कुठे मावणार? मग तिच्यावर लाकडी फळी ठेवायची आणि फळी पाचांनी दाबायची. सुतार येऊन मापं घेऊन गेला. पण फळीच्या मधोमध कोण उभा राहणार, यावर ती फळी अडली. पुजाऱ्याने दाबावं, तर तो मानकरी नाही. मी दाबावं, तर मी मुळ्याची भाची. शेवटी मीच म्हटलं, कोणीच दाबू नका. वेळ लावून ठेवते, लॅपटॉप आपोआप वाजवेल.

"मंग मान कुनाचा?" जमादारआजोबांनी विचारलं. "लॅपटापचा?"

मेत्रे म्हणाले, भिंतीवरची शिंगं काढा, पूर्वीसारखं तोंडाने वाजवू. चौघांनी माना हलवल्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तोंडाने वाजवायचं तर तिसरं शिंग गप्प राहणार. मामाकडे कोणी बघेना. तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा होता. मला इतका राग आला की मी लॅपटॉप बंद करायला निघाले.

"आपलं आपलं आपन दाबू," मामा म्हणाला. "पाच पट्ट्या हायत. माजी मी दाबतो. डाक्टर फुकू नको म्हनला, दाबू नको म्हनला न्हाई."

याच्यावर बिरादारकाकांनीही मान डोलावली. पाच पट्ट्या, पाच शिंगं, पाच बोटं, आणि क्रम आपला आपण सांभाळायचा. मी प्लगिन बायपास केलं. बायपास म्हणजे प्लगिन जागेवर असतं पण काहीच करत नाही. नुसतं बसून राहतं.

केदारला सांगितलं.

"म्हणजे कस्टम ऑर्डर बंद?"

"बंद."

"एक फेरी? ती सरळ ओळ?"

"सगळं बंद. एक पट्टी दाबायची, एक आवाज येतो."

"वैशाली, त्याला साधा कीबोर्ड म्हणतात."

"हो."

"व्हिडिओत काय दिसेल?"

"पाच म्हातारे. पाच बोटं."

तो म्हणाला, बरं, जेवून घे.

तालीम पुन्हा घेतली. पण जत्रेआधी शिंग पूर्ण वाजवत नाहीत, म्हणून प्रत्येकाने पट्टीला नुसतं बोट लावून उचललं. पाच वेळा टुक टुक झालं. ठीक आहे म्हटलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. पालखीचे भोई खांद्यावर कापडाच्या चुंबळी ठेवून तयार. मामीने कीबोर्डला झेंडूचा हार घातला होता, तो मी पट्ट्यांवरून हळूच बाजूला सारला. पाचही जण धुतलेल्या धोतरांत ट्रॉलीवर चढले. भिंतीवरची शिंगंही त्यांनी आणली होती, डाव्या हातात धरायला.

मल्लिनाथअण्णांनी पट्टी दाबली. स्पीकर दणाणला. बारा सेकंदांनी रेकॉर्डिंग संपलं, शिंग थांबलं. लोकांनी गजर केला. बिरादारकाकांनी दाबली. त्यांचं शिंग थांबल्यावरही त्यांनी बोट काढलं नाही, काही राहिलं असेल तर येऊ दे म्हणून. मग मामा पुढे झाला. डोळे मिटले, गाल फुगवले आणि पट्टी दाबली.

मुळ्यांचं शिंग वाजायला लागलं. दहा सेकंद झाले. वीस झाले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाचा आवाज लूपवर होता. तो दहा सेकंदांनी बंद करायचं काम प्लगिनचं होतं, आणि प्लगिन मीच बायपास केलं होतं. आता पट्टीवर बोट असेपर्यंत तो आवाज थांबणार नव्हता.

अर्धा मिनिट झालं. एक मिनिट. लोकांचा गजर कमी कमी होत बंद पडला. मेत्र्यांचं बोट चौथ्या पट्टीवर तयार होतं, पण तिसरं संपल्याशिवाय त्यांना दाबता येत नव्हतं. मामाचे गाल फुगलेलेच. माझ्या मनात टाक्यांचा विचार आला, मग आठवलं की तो काही फुंकत नाहीये.

मल्लिनाथअण्णांनी माझ्याकडे बघून बोटाने खूण केली, बंद कर. माझा हात लॅपटॉपवरच होता. एक बटन दाबलं की संपलं असतं. पण मग मुळ्यांचं शिंग मुळ्यांनी संपवलं असं कसं म्हणता आलं असतं? ते दुसऱ्याने थांबवलेलं शिंग झालं असतं. आणि त्यावर बैठक बसली असती. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि आभाळाकडे बघत राहिले. अण्णांची खूण मला दिसलीच नाही.

दोन मिनिटं झाली असतील. भोयांनी चुंबळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्या. बैल, माणसं, पुजारी, सगळे ऐकत उभे. तो खोल आवाज मंडपावरून, तुरीच्या शेतांवरून पार महाराष्ट्रात जात होता, आणि मामाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला मनापासून वाटलं, वाजू दे. आमच्या बगची मला इतकी माया कधी वाटली नव्हती.

शेवटी मामी ट्रॉलीला हात लावून वर बघून म्हणाली, "आवं, सोडा की आता. देव उनात उभा हाय."

मामाने डोळे उघडले. बोटाकडे बघितलं आणि उचललं. आवाज थांबला. मेत्र्यांनी लगेच दाबलं, मग जमादारांनी, आणि पालखी उठली.

चार दिवसांनी कमिटी बसली. मुळ्यांचं शिंग वाजलं की नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही. ते पलीकडच्या तीन गावांत ऐकू आलं होतं. प्रश्न उलटा निघाला. बिरादारकाका म्हणाले, पुढल्या साली माझं शिंग तीन मिनिटं वाजवायचं. पाटील म्हणाले, मग माझं पाच. मेत्र्यांनी हिशोब केला की असं चाललं तर पालखी दिवेलागणीला निघेल. शेवटी ठरलं की प्रत्येकाचं शिंग एका दमाइतकंच वाजावं. कोणाच्या दमाइतकं, यावर पुन्हा दीड तास गेला. मग हा निर्णय मामाने द्यावा असं ठरलं, कारण पाचांमध्ये दम नसलेला तो एकटाच, त्यामुळे निःपक्षपाती. मामाने मेत्र्यांचा दम धरा असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं. तिसऱ्या मानावर मामाच राहिला.

आमच्या प्लगिनमध्ये आता तसा पर्याय आहे. पट्टी कितीही वेळ दाबून ठेवा, ठरवलेला वेळ झाला की सूर थांबतो. केदारने त्याला 'ब्रेथ', म्हणजे दम, असं नाव दिलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहितात की यामुळे वाजवणं माणसासारखं वाटतं. मूळ आकडा कुठून आणला असं विचारतात. मी लिहिते, फील्ड टेस्टिंग.

त्या बैठकीनंतर घरी चालत येताना मी मामाला विचारलं, "मामा, येवढा वेळ कामून धरलात?"

"दरसाल फुकताना दम संपायचा, मंग मी थांबायचो," तो म्हणाला. "त्या दिशी बी वाटलं, आता संपंल, आता संपंल. संपलाच न्हाई. मंग कवा सोडावं त्ये कळंना."

तेव्हापासून नवीन काहीही तपासताना मी पट्टी दाबते आणि सोडत नाही. बोट तिथेच ठेवून चहा पिते, ईमेल वाचते. वाजायला सुरू कसं होतं, हे सगळ्यांनी तपासलेलं असतं. निम्म्या चुका मला त्याच्यानंतर सापडतात.